कम्युनिटी कॉलेज ते आर्ट स्कूल : दोन वर्षांची मेहनत शून्य ठरवणारे हे कोण?

गेल्या महिन्यात आमच्या एका जुन्या सहकाऱ्याच्या घरी बैठक चालू असताना रात्री साडेअकराला फोन आला. फोन कॅलिफोर्नियातून होता, त्याच्या पुतणीचा. वडील गोदामात रात्रपाळी करतात, आई पाळणाघरात काम करते. मुलगी दोन वर्षे तिथल्या कम्युनिटी कॉलेजात चित्रकला आणि डिझाइन शिकली. आठवड्याचे वीस तास छपाईच्या दुकानात काम करून शिकली. साठ क्रेडिट पूर्ण केले. मग एका नावाजलेल्या खाजगी आर्ट अँड डिझाइन स्कूलमध्ये ट्रान्सफरसाठी अर्ज केला. प्रवेश मिळाला. घरी पेढे वाटले गेले. आठ दिवसांनी दुसरे पत्र आले. साठपैकी एकोणचाळीस क्रेडिट मान्य आणि एकवीस अमान्य. अमान्य झालेले सगळे स्टुडिओचे, म्हणजे रेखाटन, रंग, द्विमित आणि त्रिमित रचना यांचे. ज्या विषयांसाठी ती तिथे जाणार होती नेमके तेच. आता तिने फाउंडेशन इयर पुन्हा करावे, असा संस्थेचा निर्णय होता.

पोरगी रडत नव्हती. तिने एवढेच विचारले, "काका, माझं चुकलं कुठं?"

त्या रात्री आमच्यापैकी कुणालाच नीट उत्तर देता आले नाही. हा लेख ते उत्तर देण्याचा प्रयत्न आहे. ते तिच्या एकटीपुरते नाही, कारण गुणवत्तेच्या नावाखाली मेहनत नाकारण्याचा हा खेळ आपल्या समाजाला पिढ्यान्‌पिढ्या ठाऊक आहे. खेळाचे मैदान तेवढे बदलते.

आधी कम्युनिटी कॉलेज म्हणजे काय ते समजून घेऊ. अमेरिकेत ही दोन वर्षांची सार्वजनिक महाविद्यालये आहेत. पहिले १९०१ साली इलिनॉय राज्यातल्या जोलिएट येथे निघाले. कॅलिफोर्नियाने १९६० साली उच्च शिक्षणाचा 'मास्टर प्लॅन' केला आणि त्यात या महाविद्यालयांना स्पष्ट जागा दिली. इथे कुणालाही प्रवेश, पहिली दोन वर्षे इथे शिकायचे आणि पुढची दोन वर्षे विद्यापीठात जाऊन पदवी घ्यायची. नोकरी करणारे, पोरंबाळं असलेले, नुकतेच देशात आलेले, शाळेत मागे पडलेले, अशा सगळ्यांसाठी हा दरवाजा होता. १९८४ पर्यंत कॅलिफोर्नियात त्यासाठी शिकवणी शुल्कच नव्हते. आजही राज्यातल्या रहिवाशाला एका युनिटला ४६ डॉलर पडतात. म्हणजे साठ युनिटचे २,७६० डॉलर. याउलट नावाजलेल्या खाजगी आर्ट स्कूलची नुसती शिकवणी फी वर्षाला पन्नास हजार डॉलरच्या वर जाते. आता हिशेब करा. आमच्या या मुलीचे जे एकवीस युनिट नाकारले गेले ते तिला ९६६ डॉलरला पडले होते. तेच विषय पुन्हा शिकण्यासाठी तिला एका वाढीव वर्षाची फी मोजायची आहे. हा नुसता शैक्षणिक निर्णय आहे असे कुणी म्हणत असेल तर त्याने हा हिशेब पुन्हा वाचावा.

आणि ही एकटीदुकटीची गोष्ट नाही. अमेरिकी संसदेची लेखापरीक्षण संस्था, गव्हर्नमेंट अकाउंटेबिलिटी ऑफिस, हिने २०१७ साली अहवाल दिला. कॉलेज बदलणाऱ्या विद्यार्थ्यांचे सरासरी ४३ टक्के क्रेडिट त्या बदलात वाया जातात, असा त्यांचा अंदाज होता. हा आकडा सर्व विषयांचा आहे. कलाशिक्षणात त्यावर आणखी एक फास असतो. इंग्रजी, इतिहास, गणित यांचे क्रेडिट कागद पाहून मान्य होतात. स्टुडिओचे क्रेडिट मात्र बहुतेक आर्ट स्कूल पोर्टफोलिओ पाहून ठरवतात. मुलीने वर्ग केला, गुण मिळवले, शिक्षकाने सही केली, हे पुरेसे नाही. पुन्हा तिच्या वीस-पंचवीस चित्रांवरून कुणीतरी ठरवणार की तिला रेखाटन येते की नाही.

इथे आमचे काही मित्र म्हणतील, यात वाईट काय? पोर्टफोलिओला जात नसते, वंश नसतो, बापाचा पगार नसतो. चित्र बोलते. यापेक्षा शुद्ध गुणवत्ता कोणती?

आम्ही विचारतो, ते चित्र काढायला वेळ कुणी दिला? एका मुलाकडे घरी स्वतंत्र खोली आहे, उन्हाळ्यात महागडे प्री-कॉलेज वर्ग आहेत, पोर्टफोलिओ कसा मांडायचा हे सांगणारा खाजगी शिक्षक आहे. दुसरी मुलगी दुकानातून रात्री नऊला सुटते आणि स्वयंपाकघरातल्या टेबलावर कागद पसरते. दोघांचीही पंचवीस चित्रे एकाच टेबलावर येतात. परीक्षक म्हणतो, आम्ही फक्त काम पाहतो. पण कामात वेळ असतो, वेळेत पैसा असतो आणि पैशात इतिहास असतो. बाबासाहेबांनी आपल्याला हेच शिकवले की जे 'नैसर्गिक' म्हणून सांगितले जाते त्यामागची रचना शोधा. एकलव्याची परीक्षा घेताना द्रोणानेही त्याचे कामच पाहिले होते. काम चांगले होते म्हणूनच अंगठा मागितला गेला.

एक गोष्ट प्रामाणिकपणे मान्य करू. सगळ्या कम्युनिटी कॉलेजांचे स्टुडिओ वर्ग सारख्या दर्जाचे नसतात. कुठे एका वर्गात पस्तीस विद्यार्थी असतात, कुठे नग्न मॉडेलवरून रेखाटन करण्याचा सराव मिळत नाही, कुठे तासिका कमी असतात. तिसऱ्या वर्षात बसवलेला विद्यार्थी मागे पडू नये ही संस्थेची चिंता खोटी म्हणता येत नाही. पण उणीव असेल तर ती नेमकी कोणती ते लिहून द्या. ती भरून काढायला उन्हाळ्यातला सहा-आठ आठवड्यांचा विनाशुल्क वर्ग चालवा. उणीव चार आठाण्यांची आणि दंड रुपयाचा, हा कुठला न्याय? दार उघडल्यासारखे करून उंबरठ्यावर वर्षभर उभे करणे याला दर्जा राखणे म्हणत नाहीत.

हा रस्ता नीट चालतो तेव्हा काय घडते त्याची दोन उदाहरणे देतो. ती आपल्या घराघरात माहीत असायला हवीत.

पहिले केरी जेम्स मार्शल यांचे. १९५५ साली अलाबामातल्या बर्मिंगहॅम येथे जन्म. १९६३ साली कुटुंब लॉस एंजेलिसला आले आणि वॉट्स भागात राहू लागले. दोन वर्षांनी, १९६५ साली, त्याच वॉट्समध्ये कृष्णवर्णीयांचा उठाव पेटला. हा मुलगा लॉस एंजेलिस सिटी कॉलेज या कम्युनिटी कॉलेजात शिकला आणि तिथून ओटिस आर्ट इन्स्टिट्यूटमध्ये गेला. १९७८ साली त्याने पदवी घेतली. गडद काळ्या रंगात माणसे रंगवून पाश्चात्त्य चित्रकलेच्या इतिहासात कृष्णवर्णीयांना त्यांची जागा देणारा हा चित्रकार. १९९७ सालचे त्यांचे 'पास्ट टाइम्स' हे चित्र २०१८ साली २ कोटी ११ लाख डॉलरला विकले गेले.

वर्तमानपत्रे याला प्रतिभेची कहाणी म्हणतात. प्रतिभा होतीच, पण तिच्या खाली काय होते ते पाहा. कम्युनिटी कॉलेजला शुल्क नव्हते. ओटिस तेव्हा लॉस एंजेलिस काउंटीची सार्वजनिक संस्था होती. आणि ओटिसमध्ये शिकवायला चार्ल्स व्हाइट होते. व्हाइट यांची आई घरकाम करणारी. स्वतः त्यांना तरुणपणी मिळालेल्या दोन शिष्यवृत्त्या, मुलगा काळा आहे हे कळताच काढून घेतल्या गेल्या होत्या. तो माणूस १९६५ पासून १९७९ साली मृत्यू होईपर्यंत ओटिसमध्ये शिकवत राहिला. मार्शल शाळकरी वयापासून त्यांना गुरू मानत होते. स्वस्त सुरुवात, सार्वजनिक संस्था आणि पलीकडच्या बाजूला आपला चेहरा ओळखणारा शिक्षक, अशा तीन गोष्टी एकत्र आल्या तेव्हा एक मार्शल उभा राहिला. पुढे काय झाले? १९७८ साली कॅलिफोर्नियात मालमत्ता करावर मर्यादा घालणारे 'प्रपोझिशन १३' मंजूर झाले. सार्वजनिक पैसा आटला. त्याच सुमारास ओटिस न्यूयॉर्कच्या पार्सन्स या खाजगी संस्थेशी जोडली गेली. १९८४ मध्ये कम्युनिटी कॉलेजलाही शुल्क लागले. मार्शल ज्या शिडीने वर गेले तिच्या पायऱ्या त्यांच्यामागे एकेक करून काढल्या गेल्या.

दुसरे उदाहरण बेट्ये सार यांचे. १९२६ चा जन्म. पॅसाडीना सिटी कॉलेज या कम्युनिटी कॉलेजातून त्या कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या लॉस एंजेलिस शाखेत गेल्या. अल्पसंख्याक विद्यार्थ्यांसाठी निधी गोळा करणाऱ्या एका संघटनेने त्यांची फी भरली. १९४९ साली त्यांनी डिझाइनची पदवी घेतली. पुढे १९७२ साली त्यांनी 'द लिबरेशन ऑफ आंट जेमिमा' ही कलाकृती केली. पॅनकेकच्या पिठाच्या खोक्यावर हसणारी काळी मोलकरीण, आंट जेमिमा, अमेरिकेच्या घराघरात होती. सार यांनी तिच्या एका हातात झाडू ठेवला आणि दुसऱ्या हातात बंदूक दिली. ज्या १९७२ साली मुंबईत दलित पँथर उभी राहिली त्याच सालची ही कलाकृती, आणि दोन्हींच्या पाठीशी ब्लॅक पँथरच्या काळाचा वारा. २०२० साली कंपनीने हे नाव आणि चित्र मागे घेण्याची घोषणा केली. एका कलावंतिणीने जे अठ्ठेचाळीस वर्षे आधी सांगितले ते बाजाराला तेव्हा कळले.

म्हणून आपल्यातल्याच ज्यांना वाटते की, "बाबासाहेबांनी कायदा आणि अर्थशास्त्र शिकले, तुम्ही चित्रं काय काढत बसलात," त्यांना आम्ही सांगतो, आपले चित्र कोण काढतो हा सत्तेचा प्रश्न आहे. निळ्या कोटातले, हातात संविधान घेतलेले बाबासाहेब गावोगाव उभे राहिले म्हणून गावाच्या चौकाचा अर्थ बदलला. तो पुतळा घडवणारे, ते पोस्टर रंगवणारे हात आपले असतात. पण त्या हातांना पदवी नसते, आणि पदवीवाल्यांच्या दालनात त्या कामाला कला म्हणत नाहीत.

आता बाबासाहेबांकडेच येऊ, कारण क्रेडिट या शब्दाचा खरा अर्थ त्यांच्या आयुष्यात सापडतो. १९१६ साली ते कोलंबियाहून लंडन स्कूल ऑफ इकॉनॉमिक्समध्ये गेले. १९१७ साली शिष्यवृत्तीची मुदत संपली आणि अभ्यास अर्धा टाकून परतावे लागले. परतताना त्यांनी लंडन विद्यापीठाकडून एक परवानगी मिळवली होती. चार वर्षांच्या आत परत येऊन अभ्यास पुढे चालू ठेवता येईल, अशी. इथे आल्यावर बडोद्यात अपमान सोसले, सिडनहॅम कॉलेजात प्राध्यापकी केली, पगारातून पैसा साठवला. राजर्षी शाहूंची मदत आणि मित्र नवल भथेना यांचे कर्ज घेतले. १९२० साली ते पुन्हा लंडनला गेले आणि जिथे थांबले होते तिथून पुढे सुरू केले. १९२३ साली डी.एस्सी. मिळाली. त्या परवानगीऐवजी 'आता पुन्हा पहिल्यापासून' असे पत्र मिळाले असते तर? गरिबाचे शिक्षण सलग नसते. ते तुटते, थांबते, पाळीत सापडते, जागा बदलते. जिथे तुटले तिथून पुढे जोडून घेणारी व्यवस्था असेल तरच गरीब पदवीपर्यंत पोचतो. बाबासाहेबांना हे स्वतःच्या अनुभवातून माहीत होते. म्हणूनच १९४६ साली पीपल्स एज्युकेशन सोसायटीने मुंबईत सिद्धार्थ कॉलेज काढले तेव्हा नोकरी करणाऱ्यांना शिकता यावे म्हणून सकाळचे वर्ग ठेवले.

म्हणून आमचे म्हणणे सरळ आहे. मिळवलेले क्रेडिट ही विद्यार्थ्याची मालमत्ता आहे. ते मान्य करणे हा संस्थेचा उपकार नव्हे. ही मागणी अव्यवहार्य नाही, कारण कॅलिफोर्नियाने ती अर्धी पूर्ण करून दाखवली आहे. २०१० साली तिथे कायदा झाला. त्यानुसार कम्युनिटी कॉलेजात ठरलेली साठ युनिटची 'ट्रान्सफर' पदवी घेतलेल्या विद्यार्थ्याला कॅलिफोर्निया स्टेट युनिव्हर्सिटीत जागेची हमी मिळते आणि उरलेल्या साठ युनिटमध्ये पदवी पूर्ण करता येते. या यादीत स्टुडिओ आर्ट्सही आहे. मर्यादा आहेत. हमी विद्यापीठाची आहे, हव्या त्याच कॅम्पसची नाही, आणि गर्दीच्या विषयांना तिथेही पोर्टफोलिओ लागतो. पण नियम लिहिलेला आहे आणि तो सगळ्यांना आधी वाचता येतो. खाजगी आर्ट स्कूलवर असे सरसकट बंधन नाही. मग प्रश्न पडतो की सरकारी विद्यापीठाला जे जमते ते वर्षाला पन्नास हजार डॉलर घेणाऱ्यांना का जमू नये?

हा प्रश्न आज आणखी तातडीचा झाला आहे. जून २०२३ मध्ये अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने प्रवेशात वंशाचा विचार करण्यास मनाई केली. विशेष संधीचा तो दरवाजा बंद झाल्यावर कृष्णवर्णीय, लॅटिनो, स्थलांतरित कष्टकरी यांच्या मुलांसाठी उरलेल्या मोठ्या वाटांपैकी एक कम्युनिटी कॉलेजची आहे. तीही क्रेडिट कापून अरुंद केली तर समतेच्या गप्पा कशासाठी? शिवाय महागडी खाजगी संस्था म्हणजे सुरक्षित संस्था असेही नाही. १८७१ पासून चाललेली सॅन फ्रान्सिस्को आर्ट इन्स्टिट्यूट २०२२ साली बंद पडली. फिलाडेल्फियाच्या युनिव्हर्सिटी ऑफ द आर्ट्सने ३१ मे २०२४ रोजी जाहीर केले की ७ जूनला आपण बंद होणार. एका आठवड्यात शेकडो मुले रस्त्यावर आली आणि आपापले क्रेडिट हातात घेऊन दुसरी दारे ठोठावू लागली. तेव्हा सगळ्यांना कळले की क्रेडिट मान्य होणे किती महत्त्वाचे असते. श्रीमंतांच्या मुलांवर वेळ आली की नियम लवचिक होतात.

आपल्या मातीतही हा मुद्दा लागू आहे. इथे डिप्लोमा झालेले पोर इंजिनिअरिंगच्या थेट दुसऱ्या वर्षाला जाते, हे खेड्यातल्या आईबापांनाही माहीत असते. या एका नियमाने किती घरांत पहिला इंजिनिअर दिला! एलिमेंटरी-इंटरमिजिएट दिलेल्या, कलेची पदविका घेतलेल्या पोरांसाठीही तसाच ठळक, लेखी आणि सर्वांना माहीत असलेला नियम हवा. अॅकॅडेमिक बँक ऑफ क्रेडिट्स २०२१ पासून आली आहे. पण बँकेत नोट ठेवली आणि दुकानदाराने ती घेतलीच नाही तर त्या बँकेचा उपयोग काय? साठवण्याचा हक्क आणि मान्य करून घेण्याचा हक्क या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. दुसऱ्यासाठी आपल्याला भांडावे लागेल.

आमच्या पोरीला आम्ही काय सांगितले? तिच्यासारख्या इतरांच्याही उपयोगाचे आहे म्हणून लिहितो. नकाराचे पत्र म्हणजे शेवटचा शब्द समजू नको. प्रत्येक अमान्य विषयाचा अभ्यासक्रम, तासांची संख्या, शिक्षकाचे पत्र आणि वहीतली कच्ची रेखाटने जोडून लेखी फेरविचार माग. कोणत्या विषयात नेमकी काय उणीव आहे ते लेखी विचार. कम्युनिटी कॉलेजात नुकत्याच दाखल झालेल्यांनी पहिल्याच सेमिस्टरला पाहावे की आपल्या कॉलेजचा कोणत्या संस्थेशी क्रेडिट-मान्यतेचा करार आहे. कॅलिफोर्नियातल्या सरकारी विद्यापीठांची अशी यादी 'असिस्ट' या सार्वजनिक संकेतस्थळावर पाहता येते. एकही अभ्यासक्रमपत्रिका, एकही वही फेकू नका.

आणि हमी असलेल्या सरकारी विद्यापीठाला कमी समजू नको, असेही आम्ही तिला सांगितले. कॅलिफोर्निया स्टेट युनिव्हर्सिटीने २०२२ साली आपल्या भेदभावविरोधी धोरणात 'जात' हा शब्द घातला. तो तिथल्या आपल्या लोकांनी लढून घालायला लावला. पुढच्याच वर्षी जातीविरोधातले राज्याचे विधेयक विधिमंडळात मंजूर होऊनही राज्यपालांनी नामंजूर केले. तेव्हा ज्या आवारात तो शब्द लेखी आहे, त्या आवाराचे मोल आपल्याला कळायला हवे.

तिने फेरविचाराचा अर्ज केला आहे. एकवीसपैकी नऊ युनिट परत मिळाले, बारांवर निर्णय बाकी आहे. तिचे वडील म्हणतात कर्ज काढू. ती म्हणते, कर्ज काढायचे तर शिकण्यासाठी काढू, शिकलेले पुन्हा शिकण्यासाठी नाही. काय करायचे ते ती ठरवेल.

पण पोरी, तू त्या रात्री विचारलेस ना, चुकलं कुठं? तुझे काही चुकले नाही. तू साठ मिळवलेस, ते साठच आहेत. ज्यांना ते एकोणचाळीस दिसतात त्यांनी आपली मोजपट्टी तपासावी, आणि ती तपासायला लावणे हे आपले सगळ्यांचे काम आहे.

जय भीम!